रेडियम कापण्याचे घरगुती यंत्र : घ्यावे की न घ्यावे?

महाड-पोलादपूरच्या बाजारात ज्याला सर्वजण 'रेडियम' म्हणतात, त्यात रेडियम नावाच्या धातूचा कणही नसतो. ती पीव्हीसी प्लास्टिकची पातळ रंगीत फिल्म होय. तिच्या पाठीला गोंद असतो, आणि तो गोंद वेळेआधी कोठे चिकटू नये म्हणून खाली सिलिकॉनचा लेप दिलेला गुळगुळीत कागद असतो. कारखानदार तिला व्हिनाइल म्हणतात. या लेखात आपण बाजाराचाच शब्द वापरू.

आपल्या अनेक कारागीर बांधवांची रोजी या रेडियमवर, त्यातही गाड्यांच्या नंबर प्लेटवर चालत आली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला विक्रेत्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी बसून येते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावून घेण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली. २०२५ साली तिच्या मुदती एकामागून एक वाढत गेल्या, पण सक्ती टळली नाही. त्या पाटीवरचे आकडे पत्र्यातून ठोकून उठवलेले असतात, तेथे रेडियमला जागा नाही. म्हणजे ज्या कामावर दुकानाचे भाडे निघत असे तेच काम गेले. अशा वेळी आमच्याकडे कापड घेण्यास येणारी माणसे विचारतात की, घरात टेबलावर मावणारे छोटे कटिंग यंत्र मिळते, क्रिकट म्हणा, सिल्हूट म्हणा, मुलीला संगणक येतो, घरबसल्या काम करील, घेऊ का? सवसारख्या गावातील घरात हा प्रश्न काही हजार रुपयांचा आहे. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. यंत्र काय करते आणि काय करीत नाही हे आधी समजून घेतले पाहिजे.

या यंत्राचे आमच्या कापडाच्या धंद्याशी नाते आहे, ते पुष्कळांना ठाऊक नसते. जोसेफ गर्बर हा १९२४ मध्ये व्हिएन्ना येथे ज्यू घराण्यात जन्मलेला मुलगा. नाझींच्या कैदेतून सुटून तो १९४० मध्ये अमेरिकेत गेला आणि पुढे इंजिनिअर झाला. १९६९ मध्ये त्याच्या कंपनीने कापडाचे थरावर थर रचून संगणकाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या पात्याने ते कापणारे यंत्र बाजारात आणले. तयार कपड्यांचा जगभरचा धंदा त्या यंत्राने बदलला. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीने रेडियममधून अक्षरे कापणारे यंत्र काढले आणि रंग-ब्रशने पाट्या लिहिणाऱ्या पेंटरांच्या धंद्याला धक्का बसला. आज टेबलावर ठेवायचे जे यंत्र मिळते ते याच कुळातले, फक्त आकाराने लहान.

या यंत्राचे पाते सुरीसारखे दाबून कापत नाही. ते एका बारीक दांडीत मोकळे फिरते आणि यंत्र त्याला मागून ओढत नेते. हातगाडीचे फिरते चाक जसे ओढले त्या दिशेला आपोआप वळते, तसेच हे टोक वळते. म्हणून अगदी लहान कोपऱ्यात ते अडखळते, आणि बारीक अक्षरासाठी वेग कमी ठेवावा लागतो. रेडियमसाठी साधारणतः ४५ अंशाचे पाते वापरतात.

आता मुख्य गोष्ट. रेडियमची फिल्म सुमारे ६० ते ८० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पात्याने ही फिल्म आणि तिचा गोंद कापावा, पण खालचा कागद शाबूत ठेवावा. सगळे हुनर एवढ्या अंतरात आहे. पाते कमी गेले तर सोलताना अक्षराचे कोपरे उपटून येतात. जास्त गेले तर कागदही कापला जातो, मग अक्षरे कागदाच्या तुकड्यांसह सुटतात आणि वर चिकट चटईही खराब होते. नवशिके लोक यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातील आकडा लावतात आणि बिघडले की यंत्राला दोष देतात. आकडा हा केवळ सुरुवातीचा अंदाज होय. पाते झिजते, प्रत्येक रोलचा रंग आणि जाडी निराळी असते, काळा रेडियम ज्या दाबाला कापतो त्या दाबाला सोनेरी कापेलच असे नाही.

यास्तव प्रत्येक रोल बदलला की कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक चौकोन कापून पाहावा. चौकोन सुईच्या टोकाने उचलावा. शेजारचा रेडियम न ओढता तो स्वच्छ सुटला, आणि खालच्या कागदावर नखाने ओढल्यासारखी पुसट रेघ दिसली, तर बेत जमला. कागद उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला रेघ उमटली असेल तर पाते खोल आहे, दाब कमी करावा. चौकोनाचे कोपरे अडकत असतील तर लगेच दाब वाढवू नये. आधी पात्याच्या टोपणात रेडियमचा कण अडकला आहे का ते पाहावे. निम्म्या वेळा रोग तेथेच असतो. या चाचणीला दोन मिनिटे आणि चार बोटे रेडियम लागतो, आणि ती टाळणाऱ्याचा फूटभर रेडियम वाया जातो.

यंत्राचे काम येथे संपले. यापुढचे सारे माणसाचे आहे. अक्षर तयार करणे त्याच्याही आधी येते.

मराठी अक्षराला शिरोरेघ असते ही रेडियमवाल्यासाठी मोठी सोय आहे. 'महाड' हा शब्द एका अखंड तुकड्यात निघतो, इंग्रजी शब्दाची अक्षरे मात्र सुटी सुटी. पण संगणकाला ती रेघ अखंड दिसत नाही. त्याच्या लेखी म, ह, ड ही निराळी चित्रे असतात आणि त्यांच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. तसेच कापावयास दिले तर प्रत्येक सांध्यावर पाते रेघ चिरत जाते. म्हणून कापण्यापूर्वी सगळी अक्षरे एकजीव करावी लागतात. संगणकात त्या आज्ञेला 'वेल्ड' किंवा 'युनियन' म्हणतात. यंत्राबरोबर येणाऱ्या प्रोग्रॅमात मराठीची जोडाक्षरे आणि वेलांट्या पुष्कळदा विस्कटतात. तेव्हा शब्द इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये किंवा कोरलड्रॉमध्ये लिहावा, त्याच्या रेषा करून घ्याव्यात, एकजीव करावे आणि मगच यंत्राकडे द्यावे. यंत्राचा प्रोग्रॅम कोणत्या प्रकारची फाइल उघडतो हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. काही कंपन्यांच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी फाइल उघडत नाही, पैसे भरलेली आवृत्ती घ्यावी लागते.

उर्दूचे काम याहून नाजूक. आमच्या पिढीने कातिबांच्या हातचे फलक पाहिले आहेत. मिर्झा अहमद जमील यांनी कातिबी वळणाची हजारो अक्षरबंधने लिहून दिली, त्यातून १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हा संगणकी टाइप उभा राहिला, आणि पुढे १९९० च्या दशकात इनपेज आल्यावर साध्या संगणकावर उर्दू लिहिता येऊ लागले. त्या इनपेजमधला मजकूर कोरलड्रॉमध्ये नेऊन त्याच्या रेषा करून कापता येतो. थेट यंत्राच्या प्रोग्रॅमात उर्दू टाकू नये. अक्षरे तुटतात किंवा उलट्या क्रमाने लागतात. नस्तालीक उतरत्या वळणाचे असल्याने बारा इंचांच्या रुंदीत मोठा शब्द बसविताना उंचीही पाहावी लागते.

दोन्ही लिप्यांत खरी कसोटी ठिपक्याची. उर्दूत नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. मराठीत अनुस्वार पडला की 'आंबा'चा 'आबा' होतो, आणि मग पेटीवर 'हापूस आबा' वाचून गिऱ्हाईक हसते. ठिपका हा सुटा तुकडा असतो, सोलताना सर्वांत आधी तोच उडतो. म्हणून ठिपका दोन मिलिमीटरहून लहान ठेवू नये. अक्षराच्या मानाने किंचित जाड दिसला तरी चालेल. सोलून झाल्यावर मूळ मजकूर शेजारी ठेवून ठिपके मोजावेत. हे मोजण्याचे काम अक्षर जाणणाऱ्यानेच करावे. रेडियम कापणारा मुलगा उर्दू वाचत नसेल तर वाचणाऱ्याला बसवावे.

कापून झाले की नको असलेला भाग सोलून काढायचा. एका कोपऱ्यापासून, रेडियम जवळजवळ स्वतःवर दुमडत, सावकाश ओढावे; सरळ वर उचलू नये. ब, ठ अशा अक्षरांच्या पोटातले तुकडे शेवटी सुईने काढावेत. कापण्यास लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ या सोलण्यास लागतो, आणि भाव सांगताना पुष्कळ लोक हाच वेळ धरीत नाहीत. येथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. आयत, कलमा किंवा अल्लाहचे व पैगंबरांचे नाव कापताना जो भाग सोलून टाकला जातो त्यातही त्या अक्षरांचा आकार कोरलेला राहतो, आणि बिघडलेले तुकडे तर पूर्ण अक्षरेच असतात. ते झाडूबरोबर जाऊ देऊ नयेत. निराळ्या पिशवीत जमवून, मुसहफची जीर्ण पाने जेथे अदबीने ठेवली जातात तेथे द्यावेत. असे नाव गाडीच्या मडगार्डवर, पायपुसण्याजवळ किंवा फेकून दिल्या जाणाऱ्या डब्यावर कापून मागणारे गिऱ्हाईक आले तर त्याला दुसरा मजकूर सुचवावा.

सोललेली अक्षरे उचलून नेण्यासाठी वरून ट्रान्सफर टेप लावतात. टेप अक्षरांवर घट्ट घासून बसवावी, कागद मागून सोलावा, आणि टेपसकट अक्षरे काचेवर किंवा भिंतीवर लावून पुन्हा घासून टेप काढावी. मोठ्या काचेवर पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून तो फवारा मारला तर अक्षरे सरकवून जागेवर आणता येतात, मग पट्टीने पाणी बाहेर काढावे. लहान स्टिकरला हे नको. काच आधी स्पिरिटने पुसावी, तेलकट फडक्याने नव्हे.

कोकणात अडचण भिंतीची आहे. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीची भुकटी हाताला लागते, तेथे रेडियम भिंतीला नव्हे, भुकटीला चिकटतो आणि चार दिवसांत लोंबतो. जांभ्याच्या उघड्या भिंतीचा तर प्रश्नच नाही. नव्या ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंटवर तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. पावसाळ्यात रोलच्या मागचा कागद दमट हवेत पाणी ओढून फुगतो आणि रेडियमखाली बोगदे पडतात. असा रोल नीट कापत नाही. रोल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उभे ठेवावेत, आडवे रचू नयेत.

मालाविषयी थोडे. रेडियम दोन रीतीने तयार होतो. रूळाखाली दाबून ताणलेला स्वस्त असतो, उन्हात काही वर्षांत आकसतो आणि कडेला गोंदाची काळी रेघ दिसू लागते. ओतून वाळवलेला महाग असतो, वळणदार जागेवर बसतो आणि अधिक टिकतो. जर्मनीच्या ओराफोल कंपनीचा ६५१ हा बाहेरच्या कामाचा, पक्क्या गोंदाचा. ६३१ हा घरातल्या भिंतीचा, पुन्हा काढता येण्याजोगा. ७५१ हा ओतीव. कंपनी बाहेरच्या कामासाठी जी वर्षे लिहिते ती मध्य युरोपातल्या हवेत उभ्या पृष्ठभागावरची असतात. महाडचा मे महिना आणि जुलैचा पाऊस त्या हिशेबात नाही. गिऱ्हाइकाला वेष्टनावरचा आकडा वाचून दाखवून तेवढ्या वर्षांची हमी देणे म्हणजे फसवणूक होय. घरातला माल बाहेर लावून बाहेरच्याचे पैसे घेणे तर उघडच मापात मारणे झाले, आणि मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन स्वतंत्र आहे. मालातील दोष झाकून विकू नये ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण प्रत्येक व्यापाऱ्याने लहानपणी ऐकलेली असते. बिलावर मालाचे नाव लिहून द्यावे.

भावाचा हिशेब आम्ही कापड बेतण्यासारखा करतो. थानातून किती सदरे निघतात यावर शिंप्याचा नफा ठरतो, तसेच येथे. चटई बारा इंच चौरस धरली आणि कडेची जागा सोडली तर कामाची साडेअकरा इंच उरते. दोन स्टिकरांत पाव इंच अंतर ठेवले तर दोन इंची चौकोनी स्टिकर एका ओळीत ५, म्हणजे एकूण २५ बसतात. तोच स्टिकर अडीच इंची केला तर १६ बसतात, आणि तीन इंची केला तर अवघे ९. गिऱ्हाईक 'थोडा मोठा करा' म्हणते तेव्हा त्या अर्ध्या इंचाने माल तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटतो, हे त्याला आधी दाखवावे. नंतर त्यात टेप, पात्याची झीज, बिघाडाचा एक हिस्सा आणि सोलण्याचे तास धरावेत.

तर कोणते काम या यंत्राचे? बारा इंचांत मावणारे: मशिदीच्या दारावरच्या सूचना, नमाजच्या वेळेच्या फलकाचे आकडे, शाळेच्या डब्यावरची नावे, निकाहच्या सुक्या मेव्याच्या पेट्यांवरची नावे, अत्तराच्या बाटल्या, दुकानाच्या काचेवरची वेळ. दुकानाची मोठी पाटी हे याचे काम नव्हे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहाहून कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठीत पाटी लावणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. हे काम मोठे आहे, पण त्याला दोन फुटी प्लॉटर लागतो. ज्याचे दुकान आहे आणि ज्याला दिवसभर पाट्याच कापायच्या आहेत त्याने घरगुती यंत्रात पैसे घालू नयेत, प्लॉटरच घ्यावा. ज्या घरातील बहिणीला किंवा मुलीला दिवसाचे दोन-तीन तास आहेत आणि अक्षराची नजर आहे, तेथे घरगुती यंत्र शोभते.

लोणचे-मसाल्याच्या बरण्यांचे स्टिकर पुष्कळ मागितले जातात. ते शोभेचे म्हणून द्यावेत. विक्रीच्या बरणीवर खाद्य परवान्याचा क्रमांक, वजन, तारीख आणि किंमत ही माहिती कायद्याने लागते, ती कापीव अक्षरांत होत नाही, छापीव लेबल वेगळे लागते. पेल्याच्या ओठ लागणाऱ्या कडेवर किंवा भांड्याच्या आत रेडियम लावू नये. सिनेमा-कार्टूनची चित्रे आणि नामांकित कंपन्यांची चिन्हे कापून विकणे हा १९५७ चा कॉपीराइट कायदा व १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांचा भंग आहे, 'सगळेच करतात' हे उत्तर तेथे चालत नाही. आणि कोणी सांगेल की लेसर यंत्राने रेडियम झटपट कापतो. कदापि करू नये. पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो फुप्फुसालाही घातक आणि यंत्रालाही.

कापडवाल्यांसाठी याच यंत्राचा दुसरा उपयोग आहे. उष्णतेने चिकटणारी निराळी फिल्म मिळते, एचटीव्ही म्हणतात. गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या संघांची नावे आणि नंबर तिने टी-शर्टवर बसतात. येथे अक्षर आरशातल्यासारखे उलटे कापावे लागते आणि चकचकीत बाजू खाली ठेवावी लागते. साधारण १५० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा सेकंदांचा दाब पुरतो, नेमका आकडा वेष्टनावर पाहावा. सुती कापडावर ते उत्तम बसते, नायलॉन उष्णतेने बिघडू शकते, आणि गडद रंगाच्या पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वर चढून पांढरे अक्षर गुलाबी करतो. ऑर्डर घेण्यापूर्वी कापड हातात घेऊन पाहावे.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, प्रोग्रॅम इंटरनेटशिवाय चालतो का. सिल्हूटचा चालतो, क्रिकटला आधी खाते उघडावे लागते. मार्च २०२१ मध्ये क्रिकटने पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच चित्रे चढविता येतील असे जाहीर केले होते, ग्राहकांच्या संतापानंतर ते मागे घेतले. आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्राचे कुलूप दुसऱ्याच्या हातात असते, ते असे. दुसरी, पाती आणि चटया कोठे मिळतील. मुंबईला फेरी असेल तेव्हा अब्दुल रहमान स्ट्रीटच्या हस्तकला-स्टेशनरीच्या घाऊक बाजारात चौकशी करून भाव लिहून आणावेत. व्याजाच्या हप्त्यावर यंत्र घेऊ नये. दोन घरांनी मिळून घ्यावे, किंवा एकाने भांडवल आणि दुसऱ्याने मेहनत अशी मुदारबत करावी. नफ्याचे हिस्से कागदावर आधी ठरवावेत. प्रामाणिक कामात खोट आली तर ती भांडवलावर पडते, मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते.

वीज मध्येच गेली की पाते कोठे होते हे यंत्र विसरते आणि अर्धा कापलेला तुकडा फुकट जातो, म्हणून संगणकाचा छोटा युपीएस यंत्रालाही जोडावा. आणि ठेवायचे ते तळमजल्यावर नव्हे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा फळ्यांवरचा मालही वाचला नव्हता. यंत्र हलके आहे. जूनमध्येच माळ्यावर चढवून तेथेच टेबल मांडावे.